फॅक्टरीत काय बनत होते?

शिवकालाच्या अभ्यासकाला विल्यम फॉस्टर यांनी संपादित केलेली 'द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया' ही ग्रंथमाला कधी ना कधी उघडावीच लागते. तिचा पहिला खंड १९०६ साली निघाला. एकूण खंड १३, आणि त्यांत १६१८ ते १६६९ या काळातील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचा पत्रव्यवहार. नाव वाचून कोणी भट्ट्या, धुराडी, यंत्रे शोधू लागला तर सगळे खंड संपतील आणि एकही यंत्र चालताना दिसणार नाही. दिसतील ती माणसे: हिशेब लिहिणारी, दलालांशी घासाघीस करणारी, जहाजाची वाट पाहणारी, एकमेकांच्या चहाड्या लंडनला कळवणारी.

मग या 'फॅक्टरीत' बनत काय होते? काहीच नाही. आजचा धागा या एका शब्दाचा आहे. तो दीर्घ आहे, कारण हा शब्द चारशे वर्षे सतत घर बदलत आला आहे. आणि प्रत्येक घरबदलात कोणाचे तरी बरेवाईट झालेले आहे.

मूळ लॅटिन. 'फाकेरे' म्हणजे करणे. त्यावरून 'फाक्टोर', म्हणजे करणारा. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करतो तो फॅक्टर. आपल्याकडचे गुमास्ता, मुखत्यार, अडत्या हे शब्द त्याच्या अगदी जवळ येतात. फॅक्टर जेथे बसतो ती फॅक्टरी. म्हणजे या शब्दात आधी माणूस होता. इमारत त्याच्या मागून आली आणि यंत्र तर फार उशिरा.

याच धातूची इतर लेकरेही पाहण्याजोगी आहेत. 'फॅक्ट' म्हणजे आज वस्तुस्थिती. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता केलेले कृत्य, आणि कायद्याच्या भाषेत बहुधा दुष्कृत्य. गणितातला 'फॅक्टर' म्हणजे अवयव, ज्यांचा गुणाकार 'करून' संख्या तयार होते तो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाहिलेल्या ताईत-मूर्तींना 'फेइतिसो', म्हणजे घडवलेली वस्तू, म्हटले. त्याचेच पुढे 'फेटिश' झाले. कुटुंब मोठे आहे, पण आपला मुक्काम एकाच घरी.

इंग्रजांच्या आधी ही व्यवस्था पोर्तुगीजांनी समुद्रापार नेली. त्यांचा शब्द 'फेइतोरिया' आणि तिचा प्रमुख 'फेइतोर'. पंधराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आर्गिन येथे त्यांनी असे ठाणे घातले. पुढे १४८२ मध्ये एल्मिना उभे राहिले. हिंदुस्थानात पेद्रो आल्वारेस काब्राल १५०० साली कालिकतला आला तेव्हा त्याने तेथे फेइतोरिया उघडली. तीन-चार महिनेही झाले नसतील, अरब व्यापाऱ्यांशी वितुष्ट आले, ठाण्यावर हल्ला झाला आणि फेइतोर आइरेस कोरेया मारला गेला. पहिल्याच प्रयोगात हे स्पष्ट झाले की फॅक्टरी म्हणजे नुसते दुकान नव्हे. परक्या राज्यात परक्यांनी मांडलेले ते बिऱ्हाड होते, आणि ते टिकणार की उठणार हे यजमानाच्या मर्जीवर आणि पाहुण्याच्या तोफांवर अवलंबून होते.

पण असे बिऱ्हाड मांडायची गरजच काय होती? जहाज यावे, माल घ्यावा, परत जावे, एवढ्यावर का भागत नव्हते?

कारण मोसमी वारा. युरोपातून वसंतात निघालेले जहाज केपला वळसा घालून पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरतेजवळच्या सुवालीला लागे आणि साधारण हिवाळ्यात परतीला निघे. हाताशी दोन-तीन महिने. जहाज दिसताच बाजारातले सगळे भाव चढत. शिवाय हजारो थान कापड कोणी तयार करून ठेवलेले नसे. विणकर आपापल्या घरी, आपापल्या मागावर विणत. त्यांना सूत घ्यायला आगाऊ उचल द्यावी लागे, नमुना ठरवावा लागे, दलालामार्फत तगादा लावावा लागे. हे काम वर्षभर चालणारे. म्हणून जहाज नसतानाही किनाऱ्यावर राहणारा माणूस हवा. तो फॅक्टर. त्याने जमवलेला माल ठेवायला, तपासायला, गाठी बांधायला जागा हवी. ती फॅक्टरी. कापड बनत होते ते खेड्यापाड्यांतल्या घरांत; फॅक्टरीत ते फक्त मोजले जात होते.

इंग्रजांना सुरतेत पाय टेकवता आला तो १६१२ मध्ये सुवालीच्या समुद्रात टॉमस बेस्टने पोर्तुगीजांना तोंड दिल्यानंतर. त्यानंतरची दोन पिढ्यांची सुरत म्हणजे या शब्दाचा पूर्ण बहराचा काळ. योहान आल्ब्रेख्त दे मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये तेथे इंग्रजांकडे उतरला होता. त्याने वर्णिलेले घर व्यापारी पेढीपेक्षा मठासारखे अधिक वाटते: सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, प्रमुखाच्या मेजावर सर्वांचे एकत्र जेवण, मानपानाची काटेकोर उतरंड. मठ म्हणावे तर खासगी व्यापार करून गबर होण्याची धडपडही त्याच छपराखाली चाले, हा भाग वेगळा.

या उतरंडीच्या पायऱ्याही शब्दांच्या दृष्टीने मौजेच्या आहेत. तळाला उमेदवार, मग 'रायटर', मग 'फॅक्टर', मग कनिष्ठ व्यापारी आणि शेवटी ज्येष्ठ व्यापारी. रायटर म्हणजे लेखक नव्हे, कारकून. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासला आला तो रायटर म्हणूनच. कोलकात्याच्या 'रायटर्स बिल्डिंग'मध्ये साहित्यिक राहत असतील अशी समजूत करून घेणाऱ्याची आणि सुरतेच्या फॅक्टरीत यंत्रे शोधणाऱ्याची चूक एकाच जातीची आहे.

आता राजापूर. येथे शब्दाचा अर्थ नीट न लावल्यास शिवचरित्रातला एक प्रसंगच अर्धवट कळतो.

राजापूरला इंग्रजांची फॅक्टरी होती. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात असताना या फॅक्टरीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन सहकाऱ्यांसह दारूगोळा घेऊन वेढ्यात दाखल झाला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा झाला. पुढच्या वर्षी, १६६१ च्या मार्चमध्ये, महाराजांनी राजापूर गाठले, फॅक्टरी लुटली आणि इंग्रजांना कैद केले. काही कैदी १६६३ पर्यंत सुटले नाहीत. त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणे नेले तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच सुनावले: तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेलेले नाही, पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात म्हणून हे भोगता आहात.

'फॅक्टरी लुटली' याचा अर्थ 'कारखाना लुटला' असा घेतला तर ही एका उत्पादनकेंद्रावरची धाड वाटते आणि कसबी कारागिरांचे नुकसान डोळ्यांपुढे येते. वास्तविक ती एका परकीय व्यापारी वकिलातीला दिलेली शिक्षा होती. व्यापारी म्हणून राहण्याची मुभा ज्यांना होती, त्यांनी युद्धात एका बाजूने तोफ डागली. मग त्यांच्याशी वर्तनही लढणाऱ्यासारखेच झाले. इंग्रजांनाही हे कळत होते, तरी नुकसानीची मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकासाठी रायगडावर आला, तेव्हा नजराण्याबरोबर त्याच्याजवळ राजापूरचा हिशेबही होता. त्या तहात राजापूरच्या भरपाईपोटी १०,००० होन देण्याचे ठरले. वसुलीचे रडगाणे त्यानंतरही चालूच राहिले.

सुरतेच्या १६६४ च्या लुटीतही हेच लक्षात ठेवावे. जॉर्ज ऑक्झिंडनने इंग्रजांची फॅक्टरी लढवून वाचवली, असे इंग्रजी कागद अभिमानाने सांगतात. तिच्यात त्या वेळी जे होते ते माल, रोकड आणि बंदुका. लुटली गेली ती वीरजी व्होरासारख्या सावकारांची घरे, आणि या वीरजीकडून कर्जाऊ पैसा उचलून इंग्रजांची फॅक्टरी चालत असे. आज 'फॅक्टरी' म्हटले की भांडवल तिच्या मालकाचे, हे आपण धरून चालतो. सुरतेत तसे नव्हते.

मराठीत या शब्दासाठी 'वखार' रूढ झाला. निवड चांगली होती. मालाचा साठा आणि व्यापार दोन्ही त्यात येतात. अडचण अशी की मराठी शब्दही एका जागी थांबलेला नाही. आज वखार म्हटले की लाकडाची वखार किंवा कोळशाची वखार आठवते; फार तर 'राज्य वखार महामंडळा'ची गोदामे. त्यामुळे शाळेच्या पुस्तकात 'इंग्रजांनी सुरतेला वखार घातली' हे वाक्य वाचणाऱ्या मुलाच्या मनात इंग्रज ओंडके रचत बसलेले असतात. बरे, 'कारखाना' म्हणावे तर घोटाळा अधिकच. फारसीत कार म्हणजे काम आणि खाना म्हणजे जागा. शिवकालीन राज्यव्यवस्थेतले 'अठरा कारखाने' म्हणजे राज्याची खाती आणि कोठारे: पीलखान्यात हत्ती, अंबरखान्यात धान्य, जामदारखान्यात वस्त्रे, दारूखान्यात दारूगोळा. त्यांतही आजच्या अर्थाने 'उत्पादन' करणारे थोडेच. आणि आज सातारा-सांगली-नगरकडे नुसते 'कारखान्याची निवडणूक' म्हटले की ऐकणाऱ्याला तो साखरेचाच आहे हे सांगावे लागत नाही.

या धाग्याच्या वाचकांपैकी काहींच्या घरी तर तिसराच शब्द चालत असेल. पिंपरी-चिंचवड काय किंवा वाळूज काय, कामावर निघालेला माणूस म्हणतो, "कंपनीत चाललो." सतराव्या शतकात कंपनीच्या फॅक्टऱ्या होत्या, एकविसाव्यात फॅक्टरीलाच 'कंपनी' हे नाव पडले आहे.

पुन्हा इंग्रजी शब्दाकडे. जगाच्या नकाशावर त्याच्या खुणा अजून शिल्लक आहेत आणि त्यांतली सर्वांत गमतीदार कॅनडात आहे. ओंटारिओ प्रांतात 'मूस फॅक्टरी' नावाचे गाव आहे. मूस म्हणजे प्रचंड शिंगांचे सांबरवजा जनावर. तेथे ही जनावरे कोणी तयार करत नाही. हडसन्स बे कंपनीने १६७३ मध्ये मूस नदीवर घातलेली ही कातड्यांच्या व्यापाराची पेढी. त्याच कंपनीची 'यॉर्क फॅक्टरी' हडसन उपसागराच्या काठी १९५७ पर्यंत चालू होती. सुरतेची फॅक्टरी इतिहासजमा होऊन युगे लोटली तरी तिची ही चुलत बहीण विमानांच्या काळातही जुन्याच अर्थाने व्यापार करत होती.

पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात इंग्रज मद्यव्यापाऱ्यांचे 'फॅक्टरी हाउस' आजही उभे आहे. येथे फॅक्टरी म्हणजे इमारत नव्हे तर व्यापाऱ्यांचा समुदाय, आणि त्या समुदायाचे हे घर. चीनमध्ये कँटनच्या नदीकाठी परदेशी व्यापाऱ्यांची रांग 'तेरा फॅक्टऱ्या' म्हणून ओळखली जाई. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती ज्या कापूस-अफूच्या व्यापारातून उभी राहिली, त्याचे दुसरे टोक येथे होते. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने अफू जप्त करण्यासाठी परदेशी व्यापाऱ्यांना याच फॅक्टऱ्यांत कोंडले, आणि त्याचे पर्यवसान पहिल्या अफूयुद्धात झाले.

आणि पश्चिम आफ्रिका. तेथल्या इंग्रजी फॅक्टऱ्यांत साठवला जाणारा 'माल' पुष्कळदा जिवंत माणसे असत. सिएरा लिओनमधील बन्स बेटावरच्या अशाच ठाण्यातून हजारो आफ्रिकी स्त्री-पुरुष अटलांटिकपार विकले गेले. हिशेबाची वही, गोदाम, मोसमाची वाट पाहणारा फॅक्टर, सारे सुरतेसारखेच. गाठी तेवढ्या वेगळ्या. एकच शब्द इतक्या थंडपणे दोन्ही ठिकाणी लागू पडतो, हे मला या साऱ्या शब्देतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते.

स्कॉटलंडमध्ये 'फॅक्टर' जमिनीकडे वळला. तेथे तो जमीनदाराचा कारभारी. सदरलँड इस्टेटीचा फॅक्टर पॅट्रिक सेलर याने १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातील कुळे उठवून मेंढ्यांसाठी जमीन मोकळी केली. घरे जाळल्याच्या आणि माणसे दगावल्याच्या आरोपांवरून १८१६ मध्ये त्याच्यावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. हायलँडच्या लोकस्मृतीने मात्र त्याला सोडलेले नाही.

आता यंत्र. माल बनवण्याची जागा या अर्थाने 'फॅक्टरी' सतराव्या शतकातही अधूनमधून भेटतो, पण अठराव्या शतकातही त्या अर्थी चलनी शब्द होते 'मॅन्युफॅक्टरी' आणि 'मिल'. ॲडम स्मिथचे टाचण्यांचे उदाहरण आज सर्वत्र 'पिन फॅक्टरी' म्हणून सांगितले जाते. १७७६ च्या त्याच्या ग्रंथात तेथे शब्द आहे तो मॅन्युफॅक्टरी. 'मानुस' म्हणजे हात. दोन्ही शब्दांत फरक काय तो या हाताचा, आणि नेमका हात मागे पडून यंत्र पुढे आले त्या शतकात आखूड शब्द जिंकला. 'मिल' हा शब्द दळण्याच्या जात्यावरून आला; रिचर्ड आर्कराइटची १७७१ ची क्रॉमफर्डची सूतगिरणी पाण्याच्या चाकावर चाले, पिठाच्या चक्कीसारखीच. मुंबईकरांनीही तोच नाद धरला. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पिठाच्या व कापडाच्या, दोन्ही गिरण्याच ठरल्या.

यानंतर शब्द कायद्याच्या हाती गेला, आणि व्याख्येला पोटापाण्याचे मोल आले. ब्रिटनमधील १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना मनाई केली (रेशमाच्या गिरण्या वगळून) आणि तपासणीसाठी ४ निरीक्षक नेमले. पण कायदा पाण्याच्या किंवा वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या गिरण्यांपुरता. घरच्या मागावर राबणारे मूल 'फॅक्टरीत' नव्हते. म्हणून त्याचे तास कोणी मोजले नाहीत.

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्याची व्याख्या सावकाश वाचावी. यांत्रिक शक्ती हवी, किमान १०० माणसे हवीत आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ काम चालायला हवे. कापसातून सरकी काढणारे जिनिंगचे हंगामी कारखाने या शेवटच्या अटीतून सहज निसटत. त्याहून नवलाची गोष्ट निळीची. बंगालमध्ये निळीच्या कोठ्यांना इंग्रज शंभर वर्षे 'इंडिगो फॅक्टरी' म्हणत आले होते. कायद्याने त्यांना, आणि चहा-कॉफीच्या मळ्यांवरील फॅक्टऱ्यांना, नाव घेऊन वगळले. म्हणजे साऱ्या जगाच्या बोलण्यात जी फॅक्टरी होती, ती न्यायाधीशापुढे फॅक्टरी नव्हती. हा शब्दाचा अपघात नव्हता. मळेवाल्यांचे वजन होते.

व्याख्येत जे बसत होते त्यांनाही या कायद्याने फारसे दिले नाही. ७ वर्षांखालील मुलांना बंदी, १२ वर्षांपर्यंतच्यांना दिवसाला ९ तास. प्रौढांविषयी तासांचे बंधन नाही. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती अशा मागण्या चौकशी आयोगापुढे नेल्या. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या सुधारणेने फॅक्टरी ठरण्यासाठी १०० ऐवजी ५० माणसे पुरेशी झाली, स्त्रियांचे तास ११ वर आले आणि साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. ५१ माणसांच्या ज्या शेडला काल काहीच लागू नव्हते, ती एका रात्रीत 'फॅक्टरी' झाली. भिंती त्याच, यंत्रे तीच.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने आकडा आणखी खाली आणला: वीज किंवा अन्य यांत्रिक शक्ती असेल तर १० कामगार, नसेल तर २०. या आकड्याच्या खाली राहण्यासाठी एकाच छपराखालची यंत्रे दोन-तीन नावांवर दाखवण्याची युक्तीही मग जुनी होत गेली. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हे आकडे दुप्पट करून २० आणि ४० केले आहेत. म्हणजे विजेवर चालणारी, १५ माणसांची जी जागा १९४८ च्या कायद्याने फॅक्टरी होती, ती या संहितेच्या व्याख्येत फॅक्टरी नाही.